कोणते इंगळे?

गौतमभाऊ गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, सुजाताचा आला, तेव्हा मी एका मिठाईवाल्याच्या डब्याच्या झाकणाचं डिझाइन करत होते. "ताई, बाबा गेले. सकाळी." मी विचारलं, "कशानं?" ती म्हणाली, "हार्ट." मी म्हटलं, "बरं." असं कुणी म्हणतं का? पण माझ्या तोंडातून तेच निघालं. फोन ठेवला आणि झाकणावरचा काजू थोडा डावीकडे सरकवला. झाकण पूर्ण करून मिठाईवाल्याला पाठवलं, मग अकोल्याची गाडी धरली. पोचले तेव्हा अंत्यविधी उरकला होता; सगळ्यांना भेटून आले. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. माझी बहीण म्हणते, नंतर येईल. येवो बापडं, माझी काही घाई नाही.

माझं अमरावतीत डिझाइनचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एका मेडिकलच्या वरची खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक कूलर. 'डिझायनर' अशी पाटी लावली तेव्हा कितीतरी महिने बाया ब्लाउजचं कापड घेऊन जिना चढायच्या. मी लोगो करते, कार्डं करते, लग्नाच्या पत्रिका करते, आणि अलीकडे ज्याला सगळे ब्रँडिंग म्हणतात तेही करते. येणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतःबद्दल दोन वाक्यं धड सांगता येत नाहीत, आणि तरी त्याला आपण कोण आहोत ते जगाला कळायला हवं असतं. माझं डोकं तिथंच फिरतं.

गौतमभाऊ पहिल्यांदा आले ते चपला जिन्यातच काढून. उंच, वाळकी अंगकाठी, पन्नाशी ओलांडलेली, खिशात पिवळ्या मलमलीचं फडकं. बसायच्या आधी त्यांनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं. "मॅडम, पुसली तर चालते काय?" आणि माझ्या होकाराची वाट न पाहता पुसली. मग भिंतीवरची फ्रेम पुसली. ही त्यांची खोड पुढे मला पाठ झाली. काच दिसली की हा माणूस पुसणारच. हॉटेलात गेलो तर पाण्याचा ग्लास, बसमध्ये खिडकी, कुणाच्या घरी गेले तर टीव्ही. एकदा मी चिडून म्हटलं, "माझा चष्मा राहिला की." त्यांनी शांतपणे हात पुढे केला.

"मी राजू फोटो, अकोल्याचा," ते म्हणाले. "मले ब्रँड कराचा हाय."

"अकोल्यातले डिझाइनवाले मेले काय सगळे?"

"तिथं मले सगळे ओळखते."

मला हे उत्तर विचित्र वाटलं. माणूस ओळखीच्या ठिकाणी जातो, हे अनोळखी शोधत आलेले. पण मी माझा ठरलेला प्रश्न विचारला, जो मी सगळ्यांना विचारते. तुमचं नाव ऐकलं की लोकांना काय आठवलं पाहिजे?

ते बराच वेळ फडक्याची घडी घालत बसले. मग म्हणाले, "कोनतं नाव?"

"म्हणजे? किती नावं आहेत तुम्हाला?"

"मी चहा घेऊन येतो," म्हणाले आणि उठून खाली गेले. मला वाटलं, गेला हा माणूस, परत काही येत नाही. पण आले, दोन कप चहा घेऊन आले. मग माझ्यापुढचा कागद ओढला आणि त्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, गौतम इंगळे. अक्षर शाळेतल्या फळ्यावर असतं तसं मोठं आणि सुटं. "हे नाव पाहिजे," म्हणाले. "शाळेच्या दाखल्यावर हेच हाय. राजू मले मालकानं केलं."

वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला इथं थोडं सांगावं लागेल. आमच्याकडे आडनावावरून जात कळत नाही. इंगळे कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखीही कुणाकुणात असतील. म्हणून इंगळे म्हटलं की समोरचा विचारणारच, "कोणते इंगळे?" गाव विचारतात, मामाचं गाव विचारतात, आणि तेवढ्यानं त्यांचं काम होतं. पण नाव गौतम आणि आडनाव इंगळे असेल, तर पुढचं काही विचारावं लागत नाही. पोरगेले असताना गौतमभाऊ ज्या स्टुडिओत कामाला लागले, तिथल्या मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गौतम नको. राजू म्हनत जाऊ. गिऱ्हाइकाले सोपं पडते." पुढे स्वतःचं दुकान काढलं तरी पाटीवर राजूच राहिला.

"त्याचं काही वाईट नव्हतं मनात," गौतमभाऊ म्हणाले. "म्हंजे मले तवा तसं वाटलं."

मी त्यांना दोन्ही नावांनी हाका मारल्या आहेत. आधी राजूभाऊ, मग गौतमभाऊ. इथं नंतरचंच वापरते.

काम हातात घेतल्यावर मी म्हटलं, मला तुम्हाला काम करताना पाहायचं आहे. त्यांनी अकोल्यातल्या एका लग्नाला बोलावलं. मंगल कार्यालयाच्या दारातून आत गेल्यापासून चारी बाजूंनी राजूभाऊ, राजूभाऊ सुरू. म्हाताऱ्या बाया त्यांच्या गालाला हात लावायच्या. त्यांच्या नवऱ्यांचे, मुलांचे, आता नातवांचे फोटो याच माणसानं काढलेले. त्यांची काम करायची एक रीत होती. सगळ्यांना नीट उभं करायचे, मान इकडे, पदर तिकडे, बटण लावा, एवढं सगळं करायचे, एक फोटो काढायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "झालं, झालं! हला आता." लोक हुश्श करायचे, खांदे सोडायचे, एकमेकांकडे बघून हसायचे. आणि तेव्हा ते खरा फोटो काढायचे. आधीचा अल्बमात कधी लागलाच नाही. मी विचारलं, "लोकांना कळत नाही का?" तर म्हणाले, "लोकाइले झालं म्हनलं की लय बरं वाटते. मंग ते पाहातच नाई."

त्याच लग्नात नवरीच्या कुठल्याशा काकानं पान चघळत विचारलं, "कोनते इंगळे म्हना तुमी?"

"फोटोवाले इंगळे," गौतमभाऊ म्हणाले आणि काका खो खो हसला. विषय संपला. हे त्यांचं ठेवणीतलं उत्तर होतं. ते खोटं बोलले नव्हते. काकानं आपल्या मनात काय लावायचं ते लावून घेतलं असणार, आणि बहुतेक आपल्यातलेच लावलं असणार. मी गौतमभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ते लेन्स पुसत होते.

मग एवढ्या वर्षांनी हे नाव का, हे मला कळेना. मी विचारलंही नाही, कारण ते माझं काम नाही. पुढच्या खेपेला ते अमरावतीला आले तेव्हा आम्ही गिला वडा खायला गेलो. दही अंगभर घेतलेला वडा पुढे ठेवून, तो न खाता, त्यांनी आपण होऊन सांगितलं.

शेंदूरजनाघाटला वसंतराव म्हणून संत्र्याच्या बागांचे मालक. त्यांच्या घरातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक बारसं गौतमभाऊंनी टिपलेलं. वसंतरावांच्या मातोश्री वारल्या तेव्हा भिंतीवर लावायचा फोटोही यांनीच केला. घरोबाच म्हणायचा, पण एकतर्फी. हे त्यांच्याकडे जायचे, ते यांच्या घरी कधी आलेले नव्हते. भेट व्हायची ती दुकानात. एक दिवस वसंतरावांचा फोन आला. त्यांचा पुतण्या नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर होता, लग्नाचा. आम्ही उद्या अकोल्यात येऊन राहिलो, घरी येतो, पोरीची पत्रिका काढून ठेवजा, म्हणाले.

"पत्रिका म्हनले?" मी विचारलं.

"पत्रिका म्हनले. आमच्यात कुठली आली पत्रिका, मॅडम? तवाच सांगाले पाह्यजे होतं. पन फोनवर तोंडच उघडलं नाई माह्यं. 'या ना दादा' म्हनलं आन् ठेवला."

घरी बायकोला सांगितलं, पाहुणे येणार, चहा-पोहे कर. बायको म्हणाली, "तुमी सांगितलं ना त्याइले?" हे म्हणाले, "कळतेच ना आल्यावर."

वसंतराव बायकोला घेऊन आले. संत्र्याची पेटी आणली. समोरच्या खोलीत भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. वसंतराव सोफ्यावर बसले, फोटोंकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, मग चहा प्यायले. पोहे खाल्ले. खाल्लं नाही असं नाही म्हणता येणार. सगळं खाल्लं. संत्र्याचा भाव कसा पडला ते सांगितलं. सुजाता चहाचे कप न्यायला ट्रे घेऊन आली तेव्हा वसंतरावांच्या बायकोनं तिला कितवी शिकली ते विचारलं. पत्रिकेचं कुणी काढलं नाही. उठताना वसंतराव म्हणाले, "घर मस्त बांधलं, राजूभाऊ." आणि गेले.

"आन् मंग पोट्टी म्हनते," गौतमभाऊ वड्याकडे पाहत म्हणाले, "म्हनते, बाबा, थे मले पाहाले आले आन् भिंत पाहून गेले."

मी माझी ताटली बाजूला सारली.

"तिचा राग नाई त्याइच्यावर. माह्यावर हाय. म्हनते, थे बिचारे चुकले, त्याइले मालूमच नव्हतं. इतक्या वर्षांत तुमी नाव नाई सांगितलं, मंग ते कसे ओळखतीन? मले काहून पाठवलं तिथं, ट्रे देऊन? माह्याशी बोलून नाई राह्यली थे, तवापासून."

हे सगळं त्यांनी कुणा तिसऱ्याच माणसाची गोष्ट असावी तसं सांगितलं. आवाज वर नाही, खाली नाही. मग वडा खाल्ला, ताटलीच्या तळाचं दहीही पुसून खाल्लं आणि म्हणाले, "त्या पुतन्याचं लगन होईन कुठंतरी. त्या लगनाचं बलावनं मले या नावानं आलं पाह्यजे. बस. एवढं काम हाय तुमच्या ब्रँडचं."

मी आजवर बरीच कामं केली. दुकान चाललं पाहिजे, नगरसेवक निवडून आला पाहिजे, पापड नागपुरात खपला पाहिजे. असं काम कुणी दिलं नव्हतं. लोगोनं असलं काही होत नसतं, हे मला त्यांना सांगायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. सांगून उपयोग झाला नसता.

डिझाइनच्या वेळी त्यांनी माझा जीव खाल्ला. कॅमेऱ्याचं चित्र नको. "न्हाव्याच्या दुकानावर कैची, तसं हे. फोटो पाहून समजत नाई काय, कॅमेऱ्यानं काढला म्हनून?" इंग्रजी नको. मी गडद निळ्या रंगात एक नमुना केला, मला स्वतःला फार आवडला होता. त्यांनी तो लांब धरून पाहिला.

"निळा नको."

"का? तुम्हाला तर..." मी अडखळले.

"हो, माहाच रंग हाय, म्हनूनच. निळ्यात लिवलं का मी ओरडून सांगून राह्यलो असं होते. मले ओरडाचं नाई. नाव सांगाचं हाय. कोनाले नाव सांगतो आपन तं कसं सांगतो? तसं."

"मग केशरी?"

"थट्टा करता काय, मॅडम?" म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. पुढच्या दातांमध्ये फट होती, ती मला तेव्हा दिसली.

शेवटी काळं ठरलं. पांढऱ्यावर साधं काळं नाव, त्यांच्याच त्या सुट्या अक्षरात, आणि खाली बारीक 'छायाचित्रकार, अकोला'. हेच कार्डावर, हेच पाटीवर, हेच फोटोच्या कोपऱ्यात. माझ्या हातची इतकी कमी डिझाइन असलेली दुसरी वस्तू नाही. आजही मला ती चांगली वाटते.

पाटी लावायला मी अकोल्याला गेले होते. शेजारच्या मोबाइलवाल्यानं बाहेर येऊन विचारलं, "राजूभाऊ, दुकान इकलं काय?" तिकडून कुणी म्हणालं, पोरानं घेतलं असेल. गौतमभाऊ शिडीखाली उभे राहून प्रत्येकाला सांगत होते, "नाई बावा, मीच. हेच नाव हाय माह्यं." सुजाता संध्याकाळी कॉलेजातून आली. तिथल्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. रस्त्याच्या पलीकडे स्कूटी थांबवून तिनं पाटी पाहिली, मग आली आणि बापाला म्हणाली, "थोडी तिरपी हाय. डाव्या अंगानं वर घ्या." अबोला सुटला तो असा. गौतमभाऊ परत शिडीवर चढले आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत.

कार्डं त्यांनी पोस्टानं पाठवली नाहीत. स्वतः गावोगावी जाऊन जुन्या घरांतून हातात दिली. शेंदूरजनाघाटला सगळ्यात आधी गेले. वसंतरावांनी कार्ड वाचलं आणि म्हणाले, "हे गौतम कोन? भाऊ काय तुमचा?"

"मीच, दादा."

"अस्सं," वसंतराव म्हणाले. चहा पाजला, बाग दाखवली. "कायले बदललं पन? आमच्यासाठी त तुमी राजूच." पुतण्याचं जमत आलं होतं. तारीख निघाली की कळवतो म्हणाले.

त्या हंगामात त्यांची काही घरं तुटली, काही नवी आली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. यंदा भाच्याच्या मित्राला दिलं, यंदा पोरांना ड्रोनवाला पाहिजे, असं. मी फोन केला की ते सगळं सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "बोल्ला असता कोनी त भांडता आलं असतं." वसंतरावांचा फोन आला नाही. मी विचारायचे, "आला का?" ते म्हणायचे, "अजून तारीख नसीन निघाली." तारीख निघालेली मला माहीत होती. कारण त्या लग्नाची पत्रिका माझ्याकडेच छापायला आली होती. गौतमभाऊंनी दिलेल्या कार्डामागे माझ्या ऑफिसचं नाव बारीक होतं, ते वसंतरावांच्या घरच्या कुणीतरी वाचलं. अक्षर आवडलं म्हणे. काय बोलावं आता!

फोटोचं काम दुसऱ्याला गेलं. पण गौतमभाऊंना पत्रिका मात्र आली. पाकिटावर पेनानं लिहिलेलं, श्री. राजूभाऊ इंगळे, सहकुटुंब.

"जाऊ नका," मी म्हटलं.

"जातो," ते म्हणाले. "त्या घरच्या लगनात पाहुना म्हनून कधी गेलोच नाई."

लग्न अमरावतीला होतं, मलाही बोलावलं होतं. मी पोचले तेव्हा ते तिघं मधल्या रांगेत बसलेले. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, शेजारी बायको, तिच्या पलीकडे सुजाता. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. कॅमेऱ्याशिवाय मी त्यांना मंडपात कधी पाहिलं नव्हतं. एक दाढीवाला तरुण फोटो काढत इकडून तिकडे पळत होता आणि हे त्याच्याकडे बघतही नव्हते.

आमच्याकडे लग्न लागायच्या आधी माइकवरून मोठ्या पाहुण्यांची नावं पुकारतात, आणि एकेकाला स्टेजवर बोलावून दुपट्टा-टोपी देतात. आमदाराचे कुणी झाले, सरपंच झाले, मग माइकवाल्यानं पुकारलं, "आपल्या घरचेच म्हना असे, अकोल्याचे राजूभाऊ इंगळे, यांनी स्टेजवर यावं."

गौतमभाऊ बसून राहिले.

"राजूभाऊ इंगळे, अकोला!"

पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून पाहायला लागली. बायकोनं त्यांना कोपरानं ढोसलं. सुजाता समोर बघत होती. माइकवाल्यानं तिसऱ्यांदा पुकारलं आणि स्टेजकडे पाहिलं. वसंतरावांनी हातानं त्याला थांबवलं, दुपट्टा घेतला आणि स्वतः खाली उतरून आले. वाटेतल्या माणसांना वाटलं, काय हा मान!

"ऐकू नाई आलं काय, राजूभाऊ?"

"आलं ना दादा," गौतमभाऊ म्हणाले. "पन राजू नाई आला. गौतम आला."

वसंतराव दुपट्टा दोन्ही हातांत धरून उभे. मग वाकून, हळू आवाजात म्हणाले, "लगनात तमाशा नका करू, भाऊ."

"मी त बसूनच आहो, दादा."

वसंतरावांनी दुपट्ट्याची घडी घातली. मग परत फिरले. माइकवर पुढचं नाव आलं, आणि तो दुपट्टा त्या पुढच्या माणसाच्या गळ्यात गेला. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी आपली अक्षता हातात धरून बसले होते, त्या घामानं ओल्या झाल्या होत्या.

लग्न लागलं. लोक आहेर द्यायला रांगेत उभे राहिले. गौतमभाऊ, त्यांची बायको आणि सुजाता रांगेत माझ्या पुढे होते. मी मागून म्हटलं, "आता कशाला? चला जेवून घेऊ." ते म्हणाले, "पोराचा काय दोष?" त्यांच्या खिशातून आहेराचं पाकीट वर डोकावत होतं. त्यावर आपलं काळं नाव छापलेलं.

स्टेजवर चढले. नवरदेवाशी हात मिळवला. हाच तो पुतण्या, नांदगाव पेठेतला. सुजातानंही नमस्कार केला आणि त्यानंही केला, दोघंही नीट वागले. नवरी नवी, तिला यातलं कुणी माहीत नव्हतं. तिनं मान तिरकी करून नवऱ्याला विचारलं, "हे कोण?"

"हे गौतमकाका," तो म्हणाला. "अकोल्याचे."

इतकंच म्हणाला, पुढच्या माणसाकडे वळायच्या गडबडीत, अगदी सहज. त्या घरात कुणीतरी ते कार्ड वाचून ठेवलं होतं म्हणायचं.

दाढीवाल्यानं फोटो घेतला आणि तिघं दुसऱ्या बाजूनं खाली उतरले. खाली आल्यावर गौतमभाऊ थांबले. सुजातानं त्यांच्या खिशाकडे बोट दाखवलं. आहेराचं पाकीट तिथंच होतं, द्यायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी ते काढून हातात धरलं, पण पाय काही उचलला नाही. शेवटी सुजातानंच पाकीट घेतलं आणि रांग मोडून, लोकांच्या शिव्या खात, परत स्टेजवर चढली. ते खाली दोन्ही हात मोकळे सोडून उभे होते आणि वर बघत होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा.